सोफ्यावरून पारखलेला कुत्रा

भरदिवसा घरात चोर शिरला तेव्हा सोफेवाल्याची बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत आली तर दार सताड उघडं. गेलं काय, तर एक मिक्सर आणि जुना मोबाईल. मिक्सर नवा आणला, पण घरात एकटं राहण्याचा तिचा धीर काही परत आणता येईना. जेवायची ती दार दिसेल अशी बसून. अंघोळीत अंगाला साबण लावला की मध्येच नळ बंद करून कानोसा घ्यायची. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात, आणि ही दिवसभर दाराला डोळे लावून.

सोफेवाल्याचा उभा जन्म लोकांच्या बैठका उसवून पुन्हा भरण्यात गेलेला. तोंडात खिळे धरून ठोकायची सवय, त्यामुळे बोलणंही ओठांच्या कोपऱ्यातून, अर्धं गिळलेलं. घरी खिळे नसले तरी तेच. "बाबा, आधी खिळे काढा, मग बोला," असं मुलगी चिडवायची. त्यानं एका सकाळी "आपण कुत्रा आणू, मोठा" असं सुटं सुटं सांगितलं, तेव्हा घरच्यांनी ओळखलं की गडी हटणार नाही.

मोठा खरा, पण कुठला? मुलीचा जीव लॅब्राडोरवर, तर त्याचं घोडं जर्मन शेफर्डवर अडलेलं. पुरावे त्यानं गिऱ्हाइकांच्या घरातून गोळा केले होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे शेफर्ड कुत्री होती. त्यांच्या सोफ्याचं कापड उन्हानं विटलं होतं तेवढंच, एक धागा ओढलेला नव्हता. निवृत्त बसड्रायव्हरकडे लॅब्राडोर. तिथे सोफ्याचं एक टोक पार खचलेलं, खालचे पट्टे तुटलेले, स्पंजात मूठभर केस. शहाणं जनावर कुठलं आणि ऐतखाऊ कुठलं, आता वेगळं सांगायला नको, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंच्या कुत्रीला पिल्लं झाल्यावर एक त्यानं आपल्यासाठी सांगूनही ठेवलं. बायकोनं फक्त नजरेखालून घालायचं बाकी होतं.

ती निघाली, कारण घरी एकटं बसण्यापेक्षा कुठेही जाणं बरं.

कुत्री देखणी होती. दाराशी बसलेली. जिन्यात चप्पल वाजली की तिचे कान उभे. लिफ्ट थांबली की ती उठायची, दार हुंगायची, पुन्हा बसायची. सोफ्याकडे ढुंकूनही बघत नाही, दार म्हणून सोडत नाही, असं डॉक्टरीणबाई कौतुकानं सांगत होत्या. सोफेवाल्यानं 'बघ' अशा नजरेनं बायकोकडे पाहिलं. तिची मान कुत्रीबरोबर दाराकडे वळत होती.

परतताना ड्रायव्हरकडे भरलेली बैठक पोचवायची होती. लॅब्राडोरनं पडल्यापडल्या शेपटी दोनदा आपटली, तेवढंच स्वागत.

"चोर आला तर याच्याच अंगावर अडखळून पडेल," ड्रायव्हर म्हणाला. "आमचा बंदोबस्त तेवढाच."

बाहेर कुणीतरी धाडकन दार लावलं. बायको दचकली आणि तिनं कुत्र्याकडे पाहिलं. त्यानं डोळासुद्धा उघडला नव्हता. ती हळूहळू मागे टेकली.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "त्या बाईंना नाही म्हणून सांगा."

"अगं, शब्द दिलाय मी. आणि हा लोळणारा काय राखण करणार?"

"राखण करायला मी आहे की. तुम्ही माझ्या जोडीला आणखी एक आणताय. दोघी मिळून दाराकडे बघत बसू." थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "मला घरात निवांत झोपणारं कुणीतरी हवंय. ते झोपलंय म्हणजे काही नाही, एवढं मला कळेल."

सोफेवाल्याला न झिजलेले सोफे आठवत गेले. बहुतेकांवर कुणी बसतच नसे.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं शब्द मागे घेतला, ओठांच्या कोपऱ्यातून, मान खाली घालून. डॉक्टरीणबाईंना राग आला. पुढे त्यांनी खुर्च्यांचं काम दुसऱ्या कारागिराला दिलं. तेही त्यानं गिळलं. ड्रायव्हरच्या ओळखीतलं एक कुटुंब परगावी चाललं होतं, त्यांचा थोराड लॅब्राडोर घरी आला.

बायको लगेच बदलली, असं नाही. पण एका दुपारी काम लवकर आटोपलं म्हणून सोफेवाला घरी आला आणि किल्लीनं दार उघडलं. कुत्रा खोलीच्या मधोमध आडवा पसरलेला. त्याच्या पाठीला पाय लावून, सतरंजीवर, बायको गाढ झोपलेली. दोघांपैकी एकानंही कूस बदलली नाही. असं कुणीही आत येईल की!

मग त्यानं दार आवाज न करता ओढून घेतलं, बाहेरून किल्ली फिरवली आणि जिन्याच्या पायरीवर बसून उरलेला डबा उघडला.