माझ्या उडीचं नाव 'उजवा बैल'

दुपारच्या व्हिडिओवर हसून झालं असेल, तर आता वाचा.

हिमाचलात स्की शिकून आले, पण कामठ्यात बर्फ कुठून आणू? म्हणून आमच्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, उंच पाळीवर धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरलं. त्यावरून स्की मस्त घसरतात. खाली बाबांनी एक लोखंडी पाइप आडवा बसवून दिलाय. घसरत यायचं, उडी मारताना वळायचं आणि पाइपवरून आडवं घसरत जायचं.

डावीकडे वळून मला झोपेतही जमतं. उजवीकडे वळायचं म्हटलं की अंगच ऐकत नाही. म्हणून आज सकाळपासून मी फक्त उजवीकडेच वळले. पडले, कोपर सोललं, परत पाळीवर चढले.

काकाजी म्हशीला पाणी पाजता पाजता बघत होते. "जे येते तेच कर ना पोरी, काऊन उलटी वळून राहिली? डावीच्या बैलाले उजवीकडं जुपल्यावानी दिसून राहिली."

मी म्हटलं, "मंग त्या बैलानं जनमभर एकाच बाजूनं चालाचं का?"

पुढच्याच उडीला पाइप शेवटपर्यंत पायाखाली होता.

व्हिडिओखाली मी नाव लिहिलं, 'उजवा बैल'. लगेच जाणकार आले. म्हणे, याला इंग्रजी नाव आहे, मनाने काहीही ठेवायचं नसतं. का नसतं? तणस आमचं, पाइप आमचा, पडले मी. मग नाव कुणाला विचारून ठेवायचं होतं, सांगा.

आत्ता जेवताना काकाजी म्हणाले, "उद्या उजवा बैल करशीन तं मले आवाज दे."