क्लचबाईंच्या गाडीचे दिवे

त्या गल्लीत क्लचबाईंचं खरं नाव कुणालाच सांगता आलं नसतं. त्या गाडी शिकवायच्या. शेजारच्या सीटवर पाठ ताठ ठेवून बसायच्या, पायाखाली जादा बसवलेला ब्रेक असायचा, आणि दिवसभर तोंडात एकच शब्द: "क्लच!" खिडकीच्या काचा खाली असल्या की तो शब्द पार चौकापर्यंत ऐकू जायचा. चौकातला फळवाला म्हणायचा, "बाईंचा तास सुरू झाला. रस्ता मोकळा करा रे."

त्यांच्याकडे शिकायला यायच्या त्या बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या बायका. घरी नवऱ्याने, दिराने, नाहीतर पोटच्या मुलाने 'तुला नाही जमायचं' म्हणून निकाल लावून टाकलेल्या. बाईंना अशाच विद्यार्थिनी आवडत. पहिल्या दिवशी त्या गाडी सुरूच करू देत नसत. नुसता क्लच दाबायचा आणि हळूहळू सोडायचा, पायाला त्याची ओळख होईपर्यंत. मध्येच कुणाला रडू फुटलं, तर बाई म्हणत, "खुशाल रडा. पण आधी हँडब्रेक ओढा."

त्या स्वतः उशिराच शिकल्या होत्या. गाडी घेतली तेव्हा नवरा म्हणाला होता, "तू शेजारी बस, रस्ता बघ." बाईंनी कित्येक वर्षं मुकाट्याने रस्ता बघितला. मग नवऱ्याच्या गुडघ्याने असहकार पुकारला आणि बाईंनी त्याच्या हातातून किल्ली घेतली. तेव्हापासून नवऱ्याकडे गाडीचं एकच काम उरलं, ते म्हणजे पुसणं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत असताना तो रोज आधी टेबल पुसायचा आणि मगच बसायचा. निवृत्त झाल्यावर टेबलाच्या जागी गाडी आली. सकाळी उठला की खांद्यावर पिवळं फडकं टाकून तो खाली उतरायचा आणि टपापासून नंबरपट्टीपर्यंत गाडी अशी पुसायचा, की जणू शाळेत पाठवायची आहे.

पण पुसून सगळंच निघत नाही. गाडीच्या पुढच्या दिव्यांचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून पिवळं पडलं होतं, त्यावर दुधट साय धरली होती. आतला बल्ब लागला आहे की नाही, हे वाकून बघावं लागे. वार्षिक तपासणीला गाडी गेली तेव्हा तपासनिसाने दिवे लावायला सांगितले, समोरच्या फळ्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं.

"बाई, लावलेत का?"

"केव्हाचे."

"मग उजेड वाटेत कुठे उतरला?"

गाडी नापास झाली. फेरतपासणी शुक्रवारी दुपारी.

नवे दिवे बसवावेत तर कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. बाजारात नकला मिळत, पण दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट राही. ही बातमी मुलाच्या कानावर गेली आणि संध्याकाळी तो हजर झाला. मुलगा तसा गुणी. आईवर जीव होता. पण एखादी गोष्ट ठरवली, की ती दुसऱ्याच्या भल्याचीच आहे असं तो धरून चालायचा.

"आई, आता पुरे. मी तुला नवी ऑटोमॅटिक घेऊन देतो. गियर नाही, क्लच नाही. किती सोपं!"

"क्लच नाही? मग मी ओरडू काय?"

"ओरडायचंच कशाला? या वयात लोकांच्या बायकांना शिकवत ऊन खायची काही गरज आहे का?"

"लोकांच्या बायका काय तुझ्या ऑटोमॅटिकवर शिकणार? त्यांच्या घरी उभी असते ती गियरची. ती त्यांना चालवू देत नाहीत म्हणून तर त्या येतात माझ्याकडे."

बापाने तेवढ्यात मध्ये तोंड घातलं. "मी मागे टूथपेस्ट लावून घासले होते दिवे. चकाकले होते."

"महिनाभर," बाई म्हणाल्या. "मग आधीपेक्षा पिवळे झाले."

मुलगा कंटाळला. "हे बघ आई. शुक्रवारी पास झाली तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. नापास झाली तर शनिवारी भंगारवाला येईल. आणि शिकवणी बंद. कबूल?"

नवऱ्याला वाटलं, ही आता भडकणार. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "कबूल. तोंड बंद ठेवायचं तुला जमेल ना, तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याला रंग मारणाऱ्या कारागिराकडे गेल्या. तो म्हणाला, "माझ्याकडे पुढच्या आठवड्यापर्यंत जागा नाही, पण काम तुम्हीसुद्धा कराल. प्लॅस्टिक चांगलं आहे. त्याच्यावर कारखान्यात दिलेला थर असतो, तो मेलाय. तो वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात बुडवून घासायच्या कागदाने, पूर्ण काढा, पॉलिशच्या कंपाउंडने चकाकी आणा, आणि वरून लॅकरचा नवा पारदर्शक थर द्या. टूथपेस्टवाले शेवटचं तेवढं करत नाहीत, म्हणून उघडं प्लॅस्टिक पुन्हा जळतं." निघताना त्याने बजावलं, "आणि एक. मधेच घाबरून थांबू नका. घासताना दिवा आधीपेक्षा भयंकर दिसतो. तिथे थांबलात तर गेला. आणि लॅकर मारल्यावर दुसऱ्या दुपारपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही."

बुधवारी सकाळचा तास शिंपीणबाईचा होता. शिंपीणबाई म्हणजे कोपऱ्यावर ब्लाउज शिवणारी. परवान्याच्या परीक्षेत चढावर गाडी बंद पडून दोनदा नापास झालेली. बाईंनी तिला सांगितलं, "आज गाडी चालवायची नाही, घासायची."

"फी तीच का?" शिंपीणबाईने विचारलं आणि बाह्या वर केल्या.

कामाला ती उपयोगी पडली. दिव्याभोवती रंगाला ओरखडे जाऊ नयेत म्हणून कागदी चिकटपट्टी लावायची होती, ती तिने गळ्याला पट्टी लावावी तशी वळणावर न चुरगळता लावली. मग दोघी बादली घेऊन बसल्या. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. कागद पाण्यात बुडवायचा, घासायचं, पुन्हा बुडवायचा. सुरुवातीला पाणी हळदीसारखं पिवळं ओघळत होतं. हळूहळू ते पांढरं झालं. मेलेला थर गेला होता. कंपाउंडने घासल्यावर दिव्यातून आतला बल्ब स्वच्छ दिसायला लागला, तेव्हा शिंपीणबाई म्हणाली, "अगंबाई! याच्या आत एवढं सगळं होतं?"

दिवेलागणीच्या सुमाराला बाईंनी लॅकर मारला. एकसारखा, पातळ, काचेसारखा. मग त्यांनी शेजारच्या पोरांना दम भरला, वॉचमनला सांगितलं, मांजरालासुद्धा हाकललं.

सांगायचं राहिलं फक्त नवऱ्याला. कुणी श्वास घेतो तसा जो माणूस रोज गाडी पुसतो, त्याला पुसू नको म्हणून सांगायला हवं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी नवरा नेहमीप्रमाणे खाली गेला आणि जरा वेळाने हातात फडकं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"अगं, दिव्यांना काहीतरी चिकट लागलं होतं. मी पुसायला गेलो, तर..."

बाई धावत खाली गेल्या. रात्रीच्या थंडीत लॅकर नीट सुकलाच नव्हता. दोन्ही दिव्यांवर फडक्याचे गोल गोल फराटे उठले होते आणि त्यात पिवळे धागे रुतून बसले होते. उजव्या दिव्यावर तर नवऱ्याचा अख्खा पंजा उमटला होता.

नवरा मागे येऊन उभा राहिला. "मी भुईत गडप होऊ का?"

"नंतर व्हा," बाई म्हणाल्या. "आधी बादली आणा." आणि खरखरीत कागदाचा तुकडा त्यांनी त्याच्या हातात ठेवला. "तुम्हाला पुसायची हौस आहे ना? हे घ्या. आज मनसोक्त पुसा."

दोघं दोन दिव्यांपुढे पाट टाकून बसली. गुडघ्याचं निमित्त नवऱ्याने काढलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. आधी शिव्या घातल्यासारख्या घासणाऱ्या बाई थोड्या वेळाने शांत झाल्या. नवरा मान खाली घालून घासत होता. एकदा म्हणाला, "मी तुला शिकू द्यायला हवं होतं. आधीच."

"पेपर बुडवा," बाई म्हणाल्या. "कोरडा घासू नका."

नेमका तेव्हाच मुलगा आला. दोन्ही दिवे त्या क्षणी उकडलेल्या अंड्यासारखे पांढरेफट्ट होते. आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आई आणि बाप कोपरापर्यंत दुधाळ पाण्यात माखलेले. मुलाने कपाळावर हात मारला.

"आई! काय करून ठेवलंस हे? थोडंफार दिसत होतं, तेही घालवलंस! आता भंगारवालाही नाक मुरडेल."

"मग त्याला रुमाल दे."

"मी गंभीरपणे बोलतोय. थांब आता. बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

बापाने मान वर केली. त्याचं सगळं आयुष्य मधला मार्ग काढण्यात गेलं होतं. पण आज हातात वॉटर पेपर होता. तो म्हणाला, "इथे थांबलं तर जातं. तुला त्यातलं कळत नाही. बाजूला हो, उजेड अडवतोयस."

मुलगा तोंडात मारल्यासारखा बाजूला झाला. बाईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि पुढचा बारीक कागद त्याच्याकडे सरकवला.

या खेपेला लॅकर भर दुपारी मारला, उन्हाची ऊब होती तेव्हा. शेवटचा हात फिरला आणि नवऱ्याच्या खांद्यावरच्या फडक्याचा एक धागा तरंगत तरंगत उजव्या दिव्यावर जाऊन ओल्या लॅकरमध्ये बुडाला. बारीक, पिवळा, पापणीच्या केसाएवढा. नवऱ्याचा हात आपोआप पुढे झाला. बाईंनी तो मनगटाशी पकडला. त्यांचीसुद्धा बोटं शिवशिवत होती. "राहू दे," त्या म्हणाल्या. "काढायला गेलो तर पुन्हा पंजा उमटेल." रात्री झोपताना त्यांनी पिवळं फडकं आपल्या उशीखाली ठेवलं.

शुक्रवारी मुलगा मुद्दाम रजा टाकून आला. दिवे त्याने दोनदा वाकून बघितले. पण हार मानेल तर तो कसला बाईंचा मुलगा! "तपासणीला गर्दी असते. गाडी मी चालवतो. तू शेजारी बस, रस्ता बघ."

ते वाक्य बाईंनी उभ्या आयुष्यात पुष्कळदा ऐकलं होतं. त्या निमूटपणे शेजारी बसल्या, पाय जादा ब्रेकवर ठेवला.

मुलगा बरीच वर्षं ऑटोमॅटिकच चालवत होता. सपाट रस्त्यावर निभावलं. तपासणी केंद्राच्या दारात मात्र चढ होता आणि पुढे गाड्यांची रांग. रांग सरकली, मुलाने पाय उचलला, गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आचका. मागच्याने हॉर्न दाबला. गाडी मागे घसरायला लागली तसा बाईंचा पाय ब्रेकवर पडला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा आवाज फुटला:

"क्लच!"

रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. कुणीतरी हसलं. मुलगा कानापर्यंत लाल झाला, खाली उतरला आणि गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसला. बाईंनी स्टिअरिंगमागे सरकून सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि गाडी चढावर अशी नेली, की कपातला चहा हिंदकळला नसता.

तपासनीस तोच होता. "दिवे लावा." फळ्यावर उजेडाचे दोन स्वच्छ पट्टे पडले, वरची कड सुरीने कापल्यासारखी. त्याने यंत्रातला आकडा बघितला, मान हलवली. मग उजव्या दिव्यापाशी वाकला.

"नवे बसवले का?"

"जुनेच आहेत. हाताने केलेत."

"आणि हे आत काय अडकलंय? तडा तर नाही ना?"

बाई खिडकीतून म्हणाल्या, "तडा नाही. आमच्या ह्यांच्या फडक्याचा धागा आहे. नख लावून बघा."

तपासनिसाने नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. "ह्यांना सांगा, सही छान आहे," तो म्हणाला आणि कागदावर शिक्का मारला.

परतीच्या वाटेवर मुलगा खिडकीबाहेर बघत बसला होता.

"एवढा गप्प का?"

"ठरलं होतं ना."

"बरं. सोमवारी सकाळी लवकर ये. शिंपीणबाई असेल, तिच्यानंतर तुझा तास. पहिल्या दिवशी गाडी सुरू करायची नसते, चांगले बूट घालून ये."

"आई, मला गाडी येते."

"दिसलं सगळ्यांना."

गल्लीच्या तोंडाशी नवरा उभा होता, खांदा रिकामा, हात कुठे ठेवावेत ते न कळून मागे बांधलेले. फळवाल्यानेही गिऱ्हाईक सोडून मान लांब केली होती. बाईंनी गाडीचा वेग कमी केला आणि दिवे लावले. भर उन्हात. प्रखर.

"आई, दिवसाढवळ्या दिवे कशाला?"

"असू देत," क्लचबाई म्हणाल्या आणि तशीच, दिवे लावून, गाडी सगळ्या गल्लीतून सावकाश नेली.