चुलीवर टांगलेलं मेंडोलिन

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी सासू म्हणायची. खोटं नव्हतं ते. पण गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती भिंगरी माझ्या डोक्यात शिरली. ह्यांची डावी बाजू हळूहळू सुधारली, माणूस मात्र सुधारेना. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जन्मभर मेंडोलिन वाजवलेला हा माणूस बावधनच्या आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून नुसता बसून राहायचा. काही म्हणजे काही मागायचा नाही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर नाही. अहो, निदान भांडा तरी माझ्याशी, असं म्हणायचे मी. तेही नाही. मला भीती वाटायची, खरंच वाटायची, की हे असेच बसल्या बसल्या विझून जातील.

मग माझ्या डोक्यानं घेतलं, की डाव्या हाताच्या बोटांत जोर नाही, तारा दाबता येत नाहीत ना, तर उजव्यानं दाबाव्यात. उलट्या हाताचं मेंडोलिन आणायचं. पुण्यात एका दुकानदारानं साध्याच मेंडोलिनच्या तारा उलट्या लावून दाखवल्या, तर ते असं खरखरलं की मी तिथून पळच काढला. शेवटी कळलं, पौडजवळ रिहे गावात एक माणूस आहे. हिंजवडीची नोकरी सोडून एका शेतकऱ्याची खोली भाड्यानं घेऊन राहतो आणि स्वतःच्या हातानं वाद्यं बनवतो. एका डावखुऱ्या डॉक्टरांसाठी त्यानं मेंडोलिन केलं होतं. ते परदेशी गेले आणि जाताना विकायला त्याच्याकडेच ठेवून गेले. मी फोटो पाहिला आणि पैसे पाठवून मोकळी झाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, आमच्याकडे बाशिंग मी बांधते.

पण त्या माणसाची एक अट होती. वाजवणारा समोर आल्याशिवाय तो वाद्य हातात देत नाही. बोटं बघून मगच तारांची उंची लावतो. आता ह्यांना सांगितलं असतं तर हे उठलेच नसते. म्हणून पौडला तहसीलमध्ये सही करायला जायचंय अशी थाप मारली आणि गाडीत घातलं. गाडी रिह्याकडे वळली तरी ह्यांनी विचारलं नाही, कुठं चाललोय. भाताची कापणी चालू होती, दोन्हीकडे पेंढ्या पडलेल्या. ह्यांचं बालपण याच खोऱ्यातलं, पण खिडकीबाहेर मान वळवली असेल तर शपथ.

तो वाद्य बनवणारा चांगला होता, पण ओशाळल्यासारखा वागत होता. घरमालकीण मावशी पदर खोचून दारातच उभ्या. त्यानं मेंडोलिन ह्यांच्या मांडीवर ठेवलं. मी श्वास रोखून बघतेय. ह्यांनी त्याला हात लावला नाही. नाक तेवढं जवळ नेलं.

"चुलीवर टांगलं हुतं का हे?"

कित्येक महिन्यांत ह्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोही गावच्या बोलीत. मावशींनी सगळं सांगून टाकलं. पावसाळ्यात हा भाडेकरू महिनाभर आईवडिलांकडे गेला होता, बंद खोलीत सगळ्याला बुरशी धरायला लागली, म्हणून त्यांनी हे उचललं आणि स्वयंपाकघरात बियाण्याच्या कणसांशेजारी टांगून दिलं. धुरात कीड लागत नाही, ओल लागत नाही.

"तारा सैल केल्या हुत्या?" ह्यांनी विचारलं.

मावशींनी भाडेकरूकडे बघितलं. तारा सैल करायच्या असतात हे त्यांना कुठून माहीत असणार? झालं. हे असे भडकले म्हणता, की मावशी दोन पावलं मागं सरल्या. तारा ताणलेल्या आणि खालून जाळ, वाद्याची मान वाकणार नाही तर काय होणार! कणसं आणि वाद्य एकच का? मावशीही काही कमी नव्हत्या. न्हाईतर कचऱ्यातच गेलं असतं, म्हणाल्या. ह्यांनी मेंडोलिन डोळ्यापाशी धरून मान निरखली. वाकली होती थोडी. तो बिचारा खाली बघत म्हणाला, पैसे परत करतो, सहा महिन्यांत नवीन करून देतो. सहा महिने! मी पर्स उचलली, म्हटलं चला.

हे उठले नाहीत. शेक देऊन मान सरळ होईल का, असं त्याला विचारत होते. तो म्हणाला, बरीचशी होईल. मग दुरुस्त करा, हे म्हणाले, पण आधी आवाज ऐकू द्या.

मेंडोलिन उलटं धरलं. उजव्या हाताची बोटं तारांवर चाचपडत बसली. डाव्या हातात पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, धरली, ती पडली. मी उचलून दिली, पुन्हा पडली. मी पुन्हा वाकले. आपण उगाच आणलं ह्यांना, आता हे परत खुर्चीत जाऊन बसतील आणि या वेळी कायमचे, असं वाटून मला रडूच फुटलं. ह्यांनी पिक माझ्याच मुठीत दाबली.

"मी दाबतो. तू मार."

"मला कुठं येतंय हो?"

"मला ऐकायचंय गं," हे म्हणाले. "मार."

मी तार छेडली. पिक अडखळत होती ती माझ्या हातात. ह्यांची बोटं घट्ट होती.