आपत्कालीन बावखल

आमच्या विद्यापीठ केंद्रात अणुभट्टी होती, असं वसईकडे नंदाखालपासून आगाशीपर्यंत अजूनही कोणी शपथेवर सांगेल. खरं म्हणजे ती भट्टी नव्हतीच. पुरुषभर उंचीची पाण्याची टाकी, तिच्यात नळ्यांमध्ये भरलेल्या युरेनियमच्या कांड्या आणि मधोमध एक छोटा किरणोत्सारी स्रोत, एवढाच संसार. ओल्या लाकडांच्या चुलीसारखा प्रकार होता: फुंकणी तोंडाला आहे तोवर धुगधुगी, फुंकर थांबली की गार. पण विभागप्रमुख पाहुण्यांना ‘हा आमचा रिॲक्टर’ असं छाती फुगवून सांगत, आणि मी तिथला प्रयोगशाळा साहाय्यक, ‘मुलगा अणुशक्तीत आहे’ या भावाने लग्नाच्या बाजारात खपलो होतो. खुलासा करायची घाई दोघांनाही नव्हती.

स्रोत मात्र खरा होता. तो कोणी बाहेर काढून हाताळला असता तर त्याचं भलं नव्हतं. म्हणून टाकीच्या झाकणाला कुलूप होतं आणि त्या कुलपाची किल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला. ज्याला लागेल त्याने घ्यावी. शिपाई त्याच खिळ्याला आपली छत्री अडकवी.

असं सगळं सुखात चाललं असताना सोव्हिएत रशियात अणुभट्टीचा अपघात झाला. वर्तमानपत्रं ढगांचे नकाशे छापू लागली. विद्यापीठालाही आपल्याकडे काहीतरी आहे हे आठवलं, आणि सुरक्षा वाढवून आपत्कालीन आराखडा तयार करा, असा हुकूम आला. समिती नेमली गेली. मी गावचा, म्हणून मला चिटणीस केलं. पुढचे सहा-आठ महिने आम्ही जेवढे बटाटेवडे खाल्ले तेवढे त्या खोलीत आधी कधी कोणी खाल्ले नसतील.

सुधारणा झपाट्याने झाल्या. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यातून पिवळ्या पाट्या रंगवून आणल्या, इंग्रजीत. टाकीला दुसरं कुलूप बसवलं आणि त्याची किल्ली त्याच खिळ्याला लटकवली. रबरी बूट आले ते सगळे डाव्या पायाचे निघाले. मुंबईत गिरण्या बंद पडल्या होत्या, त्यातल्या एकीचा भोंगा भंगारवाल्याकडून मिळाला. एके काळी हजारो माणसांना कामावर बोलावणारा तो भोंगा आता माणसांना पळवून लावण्यासाठी आमच्या गच्चीवर चढला. धोका झाल्यास कर्मचाऱ्यांनी जमायची जागा म्हणून आवारातल्या नारळांखाली चुन्याचं वर्तुळ आखलं. हे घरी सांगितलं तेव्हा बाबा घास थांबवून म्हणाले, “नारलाखाली? तुमाला मानसं वाचवायची हायत का मारायची?”

आराखड्याचं लिखाण आमच्या विभागप्रमुख सरांनी कुठल्याशा परदेशी विद्यापीठाच्या पुस्तिकेवरून केलं. सर विद्वान होते, पण उतरवून घेताना त्यांचा हात फार प्रामाणिक चाले. त्यामुळे ‘रस्त्यावर बर्फ साचला असल्यास’ काय करावं याचं पूर्ण पान त्यात आलं. त्यावर मी हसलो तेव्हा सर म्हणाले, “असू दे. निरीक्षक पानं मोजतात.”

त्याच पुस्तिकेत पुढे एक कलम होतं, आणि तिथे माझं हसू संपलं. केंद्राच्या आवारातले उघडे जलाशय बुजवावेत, असं ते कलम होतं.

आमच्याकडे जलाशय म्हणण्यासारखं एकच होतं, ते बाबांचं बावखल. वसईत बाहेरून आलेल्याला ते तळं वाटतं. वाडीला पाणी मिळावं म्हणून पूर्वजांनी हाताने खणलेलं, गोड्या झऱ्याचं. केंद्रासाठी जागा गेली तेव्हा ते कुंपणाच्या आत गेलं, पण पाण्याचा हक्क आमच्याकडे राहिला. कुंपणातून पाइप घालून बाबा इंजिन लावत आणि आमची पानवेल, केळी, चार सुपारी त्याच्यावर जगत. समुद्र इतका जवळ की दुसरीकडे कुठेही खणलं तर खारं लागायचं. बावखल बुजलं की वाडी गेली, हे सांगायला समितीची गरज नव्हती.

मी सभेत उठून बोललो. म्हटलं, टाकीतलं सगळं पाणी सांडलं तरी बावखलात बसलेल्या म्हशीचं पोट भिजायचं नाही. सरांनी चष्मा पुसला. इतिवृत्तात वाक्य आलं: ‘स्थानिक भावनांची नोंद घेण्यात आली.’ चिटणीस मीच असल्यामुळे ते वाक्य मलाच लिहावं लागलं. ठरलं असं की पुढच्या उन्हाळ्यात निरीक्षकांसमोर आपत्कालीन तालीम करायची आणि दुसऱ्या दिवशी मातीचे ट्रक सोडायचे.

घरी बाबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “आनि वेलीला पानी कुटून घालू? तुज्या टाकीतून?”

“बाबा, समितीत मी एकटा नाही.”

“एकटा नाय, पन गावचा तू एकटाच हायस.”

मला राग आला. समितीचा आला, सरांचा आला, आणि बाबांनी रागावून बोलायचं टाळलं याचा सगळ्यात जास्त आला. त्यानंतर ते रोज बावखलाच्या काठी जाऊन बसू लागले. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसे.

तालमीची पत्रकं गावात वाटायचं काम माझ्याकडे होतं. ‘भोंगा वाजताच नागरिकांनी केंद्रापासून वाऱ्याच्या आडव्या दिशेने शिस्तबद्ध स्थलांतर करावे.’ नंदाखालच्या बाजारात त्या पत्रकांत दुसऱ्या दिवशी चणे मिळत होते. बाबांना मी तोंडी बजावलं. “भोंगा वाजला की मागच्या वाटेने लांब जायचं. खोटंखोटं आहे, पण जायचं.” त्यांनी मान हलवली. कोणत्या अर्थाने, ते मला कळलं नाही.

तालमीच्या सकाळी निरीक्षक सफारी सूट घालून आले. त्यांना आधी शहाळं, मग भजी, मग आराखडा देण्यात आला. त्यांनी खरोखरच पानं मोजली आणि प्रसन्न झाले. आमच्या कारकुनाला जखमी नेमलं होतं. कपाळाला लाल शाई लावून तो स्ट्रेचरवर निपचित पडला. काही झालं तरी बोलायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती. आम्ही बाकीचे चुन्याच्या वर्तुळात डावे बूट घालून, एक डोळा वरच्या नारळांवर ठेवून उभे राहिलो. सरांनी हात वर केला आणि भोंगा वाजला.

आता एक गोष्ट आराखड्यात नव्हती, कारण ती परदेशी पुस्तिकेत नव्हती. आमच्याकडे उन्हाळ्यात पेंढ्याची उडवी रचलेली, अंगणात झावळांचे मांडव, गोठ्यावर गवत. एक ठिणगी पुरे. म्हणून अवेळी घंटा, शंख, थाळी, काहीही वाजलं तरी त्याचा गावात एकच अर्थ: आग. आणि आग म्हटलं की हाताला लागेल ते भांडं भरून आवाजाच्या दिशेने धावायचं. घर कोणाचं, देव कोणता, कालच त्याच्याशी बांधावरून भांडण झालं का, हे आग विझल्यावर. माणसं आगीपासून लांबही पळतात, ही कल्पनाच गावाला शिवली नव्हती.

गिरणीचा भोंगा जीव खाऊन ओरडत होता. त्यातच चर्चची घंटा वाजू लागली, म्हणजे तिथे कोणीतरी दोर धरला होता. आणि मग कुंपणापलीकडून केळीच्या पानांची सळसळ आली, आणि पाठोपाठ अख्खा गाव.

फाटकावर ‘प्रवेश निषिद्ध’ ही पाटी इंग्रजीत होती, त्यामुळे अडचण आली नाही. हंडे, कळशा, बादल्या, एका लग्नघरातून सरळ टोप. बावखलापासून इमारतीपर्यंत माणसांची रांग आपोआप लागली. कोणी हुकूम दिला नाही, कोणी शिट्टी मारली नाही. आम्ही सहा-आठ महिन्यांत जी शिस्त कागदावर आणू शकलो नव्हतो, ती तिथे चहा निवायच्या आत उभी राहिली, फक्त उलट्या दिशेने. आग दिसेना, तेव्हा ज्यातून आवाज येतो तेच पेटलंय असं ठरवून पोरं शिडीने गच्चीवर चढली आणि त्यांनी भोंग्यावर पाणी ओतलं. भोंगा एकदा गुरगुरला आणि कायमचा गप्प झाला. खाली निथळणारं पाणी निरीक्षकांच्या सफारीवर आलं.

शेजारच्या ख्रिस्ती मावशींनी स्ट्रेचरवरच्या कारकुनाला पाहून “अरे देवा, पोर गेला रे!” असा हंबरडा फोडला आणि सगळी कळशी त्याच्या तोंडावर रिकामी केली. सक्त ताकीद विसरून तो उठून बसला. मावशी गुडघ्यावर बसून प्रार्थना म्हणू लागल्या. त्यांच्या मते तो चमत्कार होता आणि पुढे बरीच वर्षं त्या त्याच्याकडे त्याच नजरेने बघत राहिल्या.

मी हे सगळं वर्तुळात उभा राहून बघत होतो. हसू आवरत नव्हतं. आणि मग मला बाबा दिसले. रांगेच्या सगळ्यात पुढे, टाकीच्या खोलीच्या दाराशी, दोन्ही हातांत बादल्या, दाराला खांदा लावून ढकलत असलेले. दार तालमीसाठी बंद केलेलं होतं. ते माझं नाव घेऊन हाका मारत होते.

मी धावत जाऊन त्यांना धरलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बूट पाहिले, आणि बादल्या खाली ठेवल्या.

निरीक्षक शिपायाच्या कोरड्या शर्टात दुपारपर्यंत बसून होते. सर अहवालाच्या चिंतेने पांढरे पडले होते. मी त्यांच्या कानाशी लागलो. म्हटलं, सर, तालीम फसली असं कशाला लिहायचं? ‘आगप्रतिबंधक पाण्याची उपलब्धता आणि स्थानिक जनतेचं उत्स्फूर्त सहकार्य यांची यशस्वी चाचणी झाली’ असं लिहू. फक्त मग ते पाणी बुजवता येणार नाही. सरांनी चष्मा पुसला, पण या वेळी डोळे चमकले. निरीक्षकांनी सही केली. मातीचे ट्रक रद्द झाले आणि पुढे बावखलाच्या काठी पिवळी पाटी लागली: ‘आपत्कालीन जलसाठा’. तिच्यावर बाबा आपला पंचा वाळत घालत. बावखल वाचलं म्हणून तालमीच्या संध्याकाळी मी लहान मुलासारखा आनंदात होतो.

बाबा इंजिन बंद करून वाडीतून ओसरीवर आले. मी चेष्टेने म्हटलं, “बाबा, इतकं बजावलं होतं ना? भोंगा वाजला की लांब जायचं. खोटंखोटं आहे, हेही सांगितलं होतं.”

“ध्यानात व्हतं,” ते म्हणाले. “निगालो पन व्हतो मागच्या वाटेनं.”

“मग?”

“मंग चर्चची घंटा आयकली. वाटलं, खरंच काय झालं.” त्यांनी पायावर पाणी घेतलं. “तू आत. आनि मी लांब जाऊ?”

त्या टाकीजवळ मी इतकी वर्षं काम करत होतो, पण तिची भीती मला पहिल्यांदा त्या ओसरीवर वाटली. खरंच काही झालं, तर हा माणूस दोन बादल्या घेऊन सगळ्यांच्या पुढे येणार, आणि त्याच्या मागे गाव. कुठलीही पाटी त्यांना थांबवणार नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेल्यावर मी आधी शिपायाची छत्री बाजूला केली, खिळ्यावरच्या दोन्ही किल्ल्या काढल्या आणि कमरेच्या करगोट्याला बांधल्या. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या.