साहेबाच्या खडूतला शब्द

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत मी अमरावतीच्या कापूस तपासणी कचेरीत कारकून होतो. तिथला एक किस्सा सांगायला घ्यावा तर आणखी चार आठवतात. निम्म्यांच्या मुळाशी मात्र तिथल्या गोऱ्या तपासनीस साहेबाचा एकच शब्द आहे, 'अ‍ॅबनॉर्मिटी'.

अर्थ विचारला तेव्हा साहेब म्हणाला, "जे नेहमीसारखं नाही, ते." शंका आली की तो बोऱ्यावर खडूने हा शब्द लिहायचा. मग बोरा फोडायचा आणि खोट निघाली तर कापूस जाळायचा. इंग्रजीचं अक्षर न येणारे गाडीवानही तो शब्द लांबून ओळखत.

*

आमच्या मापाडी गोविंदाच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. ती पाहून साहेब उद्गारला, "अ‍ॅबनॉर्मिटी!" गोविंदाने आठ दिवस हात उपरण्यात गुंडाळून वजनं केली. शेवटी मला म्हणाला, "बाबू, साहेब माहा हात बी फोडून पाहीन का?" मी हसलो. तो हसला नाही.

*

वलगावच्या एका माळणीकडे जोडवांगं होतं. साहेबाने तोच शब्द उच्चारून ते दोन आण्यांना घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने टोपलीभर वाकडी वांगी आणून ओसरीवर मांडली. म्हणाली, "तुमच्या साहेबाले चांगलं चालत नाई ना!"

*

पुढे आमची सगळ्यांची बदली अकोल्याला झाली. भाव चढला तसे सगळेच शेतकरी कापसावर पाणी मारून वजन वाढवू लागले होते. बोऱ्याचं 'नेहमीचं' वजन साहेबाने ठरवलं ते या ओल्या बोऱ्यांवरूनच. हे आम्हाला ठाऊक होतं, पण बोललो असतो तर आधी आमचीच नोकरी गेली असती.

बार्शीटाकळीच्या किसन पाटलाचे बारा बोरे आले. सगळे कोरडे, म्हणून सगळे हलके. साहेबाने बाराही बोऱ्यांवर खडू चालवला. एक फोडला, कोपरापर्यंत हात घातला, काही निघालं नाही. "म्हणजे खोट फार खोल दडवली आहे. मी जेवून येतो. तोवर वजनाचा खुलासा द्या, नाहीतर सगळे जाळा," म्हणून तो बंगल्यावर गेला.

पाटलाचं वर्षभराचं पीक होतं ते. तो मला म्हणाला, "बाबू, पास झालेल्या बोऱ्यात असं काय हाय, जे माह्यात नाई?"

मला लाज वाटली. मी नुसतं विहिरीकडे पाहिलं.

पाटलाने बादली उचलली. "जन्मात पयल्यांदा करून राहिलो," एवढंच म्हणाला.

साहेब परतला. गोविंदाने पुन्हा वजन केलं, बरोबर भरलं. साहेबाने स्वतःच्या रुमालाने खडूची अक्षरं पुसली. रुमाल चिंब झाला. त्याने तो नीट पिळला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "पास."