मिरचीच्या वावरात नापास झालेलं गाणं

बुलढाणा जिल्ह्यात जेवढ्या वराती निघाल्या, त्या सगळ्या माझ्या साडभाऊंनी, म्हणजे मेहुणीच्या यजमानांनी, आपल्या गाण्यांवर नाचवल्या, असं मी बेधडक म्हणतो! वरातीच्या घोडीलाही त्यांची गाणी पाठ आहेत. धृपद आलं की ती आपणहून थबकते. रोहिणखेडजवळच्या त्यांच्या वावरात लिहिलेलं गाणं बघता बघता शेगावच्या लॉजपर्यंत वाजायला लागतं. बुलढाण्याच्या स्टँडवर कुणी ते गुणगुणलं, की मी त्या अनोळखी माणसाचा खांदा धरून सांगतो, "आमच्या साडभाऊंचं आहे!" गाण्याच्या क्षेत्रात माझं कर्तृत्व एवढंच.

गाण्यापुढे त्यांना भान नाही. एकदा सांत्वनाला गेलो होतो. घरधनी रडता रडता काहीतरी बोलला आणि हे मांडीवर थाप मारून ओरडले, "वा! काय मुखडा आहे!" मी चपला हातात घेऊनच बाहेर पडलो.

परीक्षा मात्र कडक. नवं गाणं आधी मिरच्या तोडणाऱ्या बायांना गाऊन दाखवायचं. भाकरीच्या सुट्टीपर्यंत त्या गुणगुणायला लागल्या तर पास, नाहीतर कागद बांधावरच फाडायचा. मी हौसेनं एकदा एक ओळ घुसवली होती. साडभाऊंनी मला लगेच निकाल सांगितला. "साडभाऊ, तुमची ओळ आली अन् बाया पाणी प्याले गेल्या नं!"

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीचं, मंजूचं लग्न ठरलं. पाठवणीचं गाणं बापानंच लिहावं, हा साऱ्या गावाचा हट्ट. गाणं झालं. साडभाऊंनी ते वावरात दिवसभर गाऊन दाखवलं. भाकरी झाली, चहा झाला, पण एकही बाई गुणगुणली नाही. सगळ्या खाली माना घालून मिरच्या तोडत राहिल्या.

"नापास झालो, साडभाऊ," कागद फाडत ते म्हणाले. "साऱ्या जगाले नाचवलं, अन् माह्या पोरीले दोन ओळी देता आल्या नाही मले."

पाठवणीला त्यांनी डीजे बंदच ठेवायला लावला. मंजू गाडीपाशी आली आणि मागून बायांचा आवाज उठला. तेच गाणं! अख्खं!

"मंग तवा काऊन नाही म्हटलं वं?" साडभाऊ ओरडले.

"कसं म्हणता, भाऊ? गळाच भरून येत होता," त्यांतली सखूबाई म्हणाली. "आमच्याही पोरी गेल्या नं सासरी."

"दुसऱ्या कडव्यात चाल चुकल्या तुम्ही," एवढं कसंबसं बोलून साडभाऊ माझ्या खांद्यावर कोसळले.

परवा एक गायक त्या गाण्यासाठी घरी आला होता. साडभाऊंनी त्याला चहा पाजला, दुसरी चार गाणी दिली.

"ते नाही देता येत," ते म्हणाले. "ते मंजूनं नेलं."