नोरीनबाईंचं सुवर्णपदक

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या इस्पितळात डॉ. नोरीन हाल्व्हरसन छत्तीस वर्षं एक्स-रे वाचत होत्या. विभागप्रमुख झाल्यावरही रोज सकाळी शिकाऊ डॉक्टरांशेजारी बसून त्या फिल्म समजावत.

एका सोमवारी रेडिओलॉजी संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला, "यंदाचं सुवर्णपदक तुम्हाला!"

"ग्लेन, थट्टा पुरे, कामं पडलीत," म्हणत त्यांनी फोन आपटला. ग्लेन हा त्यांचा खोडकर तंत्रज्ञ.

"बाई, मी इथे आहे!" तो दारातूनच ओरडला.

फोन पुन्हा वाजला. "डॉक्टर, मी खरंच अध्यक्ष आहे हो!"

नोरीनबाईंनी ग्लेनला, एक्स-रेच्या किरणांपासून बचावासाठी त्याने घातलेल्या शिशाच्या जड एप्रनसकट, ओढलं आणि भर कॉरिडॉरमध्ये फुगडी घालावी तशा गरागरा गिरक्या घेतल्या. व्हीलचेअरवरचे आजोबा टाळ्या पिटत म्हणाले, "पाय मोडलाय माझा, नाहीतर मीही आलो असतो!"